कापड उभे धरले तर? गुरुत्वाकर्षण समजावून सांगताना नेमके कोठे अडते

गोदाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली, आणि तेव्हापासून त्या परिसरातील शाळांमध्ये या विषयाची उत्सुकता स्वाभाविकपणे वाढली आहे. आमचा चार-पाच जणांचा हौशी आकाशनिरीक्षकांचा गट अधूनमधून तेथे कार्यक्रम करतो. कार्यक्रमाचा कणा म्हणजे सर्वांच्या परिचयाचे ते ताणलेले कापड: चारही बाजूंनी धरलेले लवचीक कापड, मध्ये लोखंडी गोळा, त्यामुळे पडलेला खळगा आणि त्या खळग्याभोवती फिरत फिरत आत येणाऱ्या काचेच्या गोट्या. मुलांना हे फार आवडते, आणि 'वस्तुमानामुळे अवकाश वाकते' हे वाक्य त्यांच्या तोंडी सहज बसते.

मागच्या कार्यक्रमानंतर त्या शाळेतील मराठीच्या शिक्षिका बाजूला येऊन म्हणाल्या, "सर, हे कापड तुम्ही आडवे धरलेत म्हणून गोटी खळग्यात आली. उभे धरले असते तर?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि तसाच थांबलो. कापड उभे धरले तर खळगा तसाच राहील, पण गोटी त्याच्याकडे ढुंकूनही न पाहता सरळ जमिनीवर पडेल. म्हणजे गोटीला आत ओढणारा तो खळगा नव्हताच. कापडाच्या खाली असलेली पृथ्वी तिला ओढत होती, आणि खळग्याने फक्त वाट दाखवली होती. गुरुत्वाकर्षण म्हणजे काय हे सांगण्यासाठी आम्ही गुरुत्वाकर्षणच वापरले होते, आणि इतकी वर्षे ते आमच्या लक्षात आले नव्हते.

त्या रात्री विचार करताना दुसरी उणीवही दिसली. समजा, हेच कापड वजनरहित यानात ताणून धरले आणि त्यावर एक गोटी अलगद, अजिबात न ढकलता ठेवली. ती तेथेच राहील. वाकलेल्या पृष्ठभागावर स्थिर असलेल्या वस्तूला हालचाल सुरू करण्याचे काहीच कारण नसते. देठापासून सुटलेला आंबा मात्र त्या क्षणी स्थिरच असतो, तरीही तो पडू लागतो. कापडाच्या प्रतिमानात या सर्वांत साध्या घटनेला उत्तर नाही.

तर जाणकारांना विचारायचे आहे की, सूत्रे न वापरता, पण खोटेही न सांगता, गुरुत्वाकर्षण कोणत्या क्रमाने समजावून सांगावे? ऐकणाऱ्याला शेवटी लायगोपर्यंत पोचता आले पाहिजे, ही एकच अट आहे.

लंबक

मी पदार्थविज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवले आहे, त्यामुळे माझे मत थोडे जुन्या वळणाचे वाटेल. आइन्स्टाइनकडे जाण्याची इतकी घाई का? 'न्यूटन चुकला, आइन्स्टाइन बरोबर ठरला' अशा सुरात सांगितले की ऐकणाऱ्याच्या हाती दोन्ही लागत नाहीत.

चंद्राचे उदाहरण घ्या. पृथ्वीच्या पृष्ठभागाजवळ सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मीटर खाली येते. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून तिच्या त्रिज्येच्या सुमारे ६० पट अंतरावर आहे. अंतराच्या वर्गाप्रमाणे ओढ कमी होत असेल, तर तेथे ती ६० गुणिले ६०, म्हणजे ३,६०० पटींनी क्षीण असायला हवी. तेव्हा चंद्र एका सेकंदात ४.९ मीटर भागिले ३,६००, म्हणजे जेमतेम १.३६ मिलिमीटर पृथ्वीकडे 'पडला' पाहिजे.

आता आंबा, ओढ, न्यूटन हे सारे विसरून केवळ भूमिती करा. चंद्र सेकंदाला सुमारे १.०२ किलोमीटर वेगाने ३ लाख ८४ हजार किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरतो. तो सरळ गेला असता तर वर्तुळ सोडून बाहेर पडला असता. वर्तुळावर राहण्यासाठी त्याला दर सेकंदाला किती आत वळावे लागते? उत्तर पुन्हा १.३६ मिलिमीटर येते. दोन अगदी वेगळ्या वाटांनी निघून एकाच आकड्यावर पोचण्याचा हा अनुभव विद्यार्थ्याला फळ्यावर स्वतः घेऊ द्यावा. आंबा पडतो आणि चंद्र फिरतो या दोन घटना एकच आहेत, हे त्याला मग पाठ करावे लागत नाही.

राहिला प्रश्न 'ओढ म्हणजे काय' याचा. न्यूटनला ही अडचण आपल्यापेक्षा अधिक बोचत होती. १६९३ मध्ये रिचर्ड बेंटली यांना लिहिलेल्या पत्रात त्याने स्पष्ट म्हटले आहे की, मध्ये कोणतेही माध्यम नसताना एका जड वस्तूने पोकळीतून दुसरीवर परिणाम करावा ही कल्पना आपल्याला अत्यंत असंबद्ध वाटते. पुढे १७१३ मध्ये त्याच्या 'प्रिन्सिपिया' या ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा त्याने गुरुत्वाच्या कारणाबद्दल आपण गृहीतके रचत नाही अशी भूमिका घेतली. किती ओढ आहे हे त्याने सांगितले. का आहे हा प्रश्न त्याने उघडा ठेवला, आणि तसे लिहूनही ठेवले. तुम्हीही मुलांसमोर तो तसाच उघडा ठेवावा असे मला वाटते.

सह्यकडा

न्यूटनच्या पाचशे वर्षे आधी आपल्या भास्कराचार्यांनी हे सांगितले होते, त्याचा उल्लेख कोणीच करत नाही याचे वाईट वाटते. सिद्धान्तशिरोमणीचा गोलाध्याय, शके १०७२, म्हणजे इ.स. ११५०: "आकृष्टिशक्तिश्च मही तया यत् खस्थं गुरु स्वाभिमुखं स्वशक्त्या । आकृष्यते तत्पततीव भाति समे समन्तात् क्व पतत्वियं खे ॥" यापेक्षा स्पष्ट काय हवे?

शब्दवेध

सह्यकडा, श्लोक आपण अचूक दिला आहे, पण तो थोडा सावकाश वाचू या. पृथ्वीत आकर्षणशक्ती आहे. आकाशातील जड वस्तूला ती आपल्या शक्तीने स्वतःकडे खेचते. ती वस्तू पडल्यासारखी भासते. आणि सर्व बाजूंनी सारख्याच असलेल्या आकाशात ही पृथ्वी स्वतः कोठे पडणार? एवढे त्यात आहे. ओढ अंतराप्रमाणे किती घटते, दगडही पृथ्वीला ओढतो का, चंद्राची कक्षा याच शक्तीने ठरते का, हे त्यात नाही. ते आहे असे म्हणणे हा त्या श्लोकाचा सन्मान होत नाही. तसेच 'पततीव' या शब्दातील 'इव' पकडून त्यात आइन्स्टाइन शोधण्याचा मोहही आवरावा.

धागाकर्त्यांच्या कामाचा मला शेवटचा चरण वाटतो. 'पृथ्वी अधांतरी असेल तर ती पडत का नाही?' हा लहान मुलांचा अगदी नेहमीचा प्रश्न आहे, आणि त्याला भास्कराचार्यांनी प्रतिप्रश्नाने उत्तर दिले आहे. 'खाली' ही दिशा आकाशात आधीपासून आखलेली नसते, ती पृथ्वीमुळे ठरते. मग पृथ्वीने कोणत्या 'खाली'कडे पडायचे? वर्गात सुरुवात करायला याहून चांगले वाक्य मिळणार नाही, आणि तेही आपल्याच मातीतले आहे.

सह्यकडा

मान्य. 'सर्व सांगितले होते' हे माझे विधान मागे घेतो, शेवटचा चरण मात्र कार्यक्रमात यावा.

वजनकाटा

माझा व्यवसाय उद्वाहनांच्या, म्हणजे सर्वजण ज्याला लिफ्ट म्हणतात त्यांच्या, देखभालीचा आहे. त्यामुळे या विषयाकडे मी 'वजन' या दाराने आलो.

लोकांना वाटते की आपल्याला गुरुत्वाकर्षण जाणवते. माझ्या मते ते कोणालाच कधीही जाणवलेले नाही. तुम्ही उभे आहात तेव्हा तळपायांना जे जाणवते तो जमिनीचा वर येणारा दाब आहे. लिफ्ट वर जायला निघते तेव्हा तो दाब वाढतो, खाली निघताना घटतो. तुमचे वस्तुमान आणि पृथ्वीची ओढ या दोन्हींत त्या क्षणी काडीचाही फरक पडलेला नसतो. लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभे राहून पाहिल्यास काटा हे सरळ दाखवतो. दाब शून्य झाला की वजनही शून्य. अंतराळ स्थानकातील लोक तरंगतात ते 'तेथे गुरुत्वाकर्षण नसते' म्हणून, असे अजूनही अनेक ठिकाणी छापले जाते. प्रत्यक्षात ४०० किलोमीटर उंचीवर पृथ्वीची ओढ पृष्ठभागावरच्या सुमारे ८९ टक्के असते. ते लोक स्थानकासह सतत पडत असतात, आणि पायाखालची फरशीही त्यांच्याबरोबरच पडत असल्याने ती त्यांना ढकलू शकत नाही.

घरी करण्याजोगा एक प्रयोग सांगतो. प्रत्येक स्मार्टफोनमध्ये त्वरणमापक, म्हणजे त्वरण मोजणारा छोटा भाग, असतो आणि त्याचे आकडे दाखवणारी अ‍ॅप्स मोफत मिळतात. फोन टेबलावर स्वस्थ ठेवा. तो हलत नाही, तरीही आकडा ९.८ च्या आसपास येतो आणि दिशा वरची दाखवतो. आता नोंद सुरू ठेवून तोच फोन हातभर उंचीवरून जाड गादीवर सोडा. पडत असताना आकडा शून्यावर येतो. उपकरणाचे म्हणणे सरळ घ्या: टेबलावरचा फोन ढकलला जात आहे आणि पडणाऱ्या फोनवर काहीही काम करत नाही. १९०७ मध्ये बर्नच्या पेटंट कार्यालयात नोकरी करताना आइन्स्टाइनला सुचलेला विचार हाच होता की, छपरावरून पडणाऱ्या माणसाला पडताना स्वतःचे वजन जाणवणार नाही. आयुष्यातील सर्वांत आनंददायी विचार असे त्याने पुढे त्याचे वर्णन केले.

म्हणून माझी सूचना अशी की 'वस्तू का पडते' हा प्रश्न बाजूला ठेवून आधी 'टेबलावरची वस्तू पडत का नाही' हा विचारावा. तिला कोण ढकलत आहे, हे सांगता येते.

शंकासुर

वजनकाटा यांचे म्हणणे ऐकायला छान आहे, पण ते मानले तर मोठा घोटाळा होतो. पडणाऱ्या आंब्यावर काहीच काम करत नाही आणि जमीनच त्वरणाने वर येऊन त्याला धडकते, असे म्हणायचे ना? मग पुण्यातील जमीन वर येते आहे आणि पृथ्वीच्या नेमक्या पलीकडच्या टोकाची जमीनही तिच्या 'वर' येते आहे. दोन्हीकडून सेकंदागणिक वेग वाढवत जमीन बाहेर सरकत असेल, तर पृथ्वी एव्हाना फुगून फुटायला हवी होती. तिची त्रिज्या तर शाळेत शिकलो तेव्हा होती तेवढीच आहे. हा शब्दांचा खेळ नव्हे का?

लंबक

शंकासुर यांनी बरोबर वर्मावर बोट ठेवले आहे. याचे उत्तर देता आले नाही तर वजनकाटा यांचा फोन केवळ गंमत ठरेल. अवकाश आणि काळ एकत्र धरले की त्याला अवकाशकाल म्हणतात. सपाट अवकाशकालात हे अशक्यच आहे. ही अडचण सोडवण्यासाठीच वक्रता लागते. 'वक्रता असते' एवढे सांगून मात्र कोणाचे समाधान होत नाही. कोणाला सोपे उदाहरण सुचते का?

सुईदोरा

मी पदार्थविज्ञानातली नाही, शिवणकाम शिकवते. धागा सुरुवातीपासून वाचते आहे आणि मला हे ओळखीचे वाटते, म्हणून धाडस करते.

सपाट कापड गोल आकारावर बसत नाही हे आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत असते. कोठे टक्स घ्यावे लागतात, कोठे चुण्या. आकार गोल आहे की सपाट हे बाहेरून पाहण्याची गरज नसते, कापडच ते सांगते. आता पाण्याचा माठ आणि कागदी चिकटपट्टी घ्या. पट्टी अशी चिकटवत जायची की तिच्या कोणत्याही कडेला चुणी पडणार नाही. अशी पट्टी माठावरची 'सरळ' रेषा समजू, कारण तिला डावीकडे किंवा उजवीकडे वळवण्याचा प्रयत्न केला की लगेच एका कडेला सुरकुती येते. माठाच्या पोटावर जेथे घेर सर्वांत मोठा असतो तेथून दोन पट्ट्या शेजारी शेजारी, अगदी समांतर, गळ्याच्या दिशेने चिकटवायला घ्या. दोन्ही सरळ जातात, एकीलाही कोणी ओढत नाही, तरी वर जाताना त्या एकमेकींजवळ येतात.

आता तिसरी पट्टी गळ्याच्या थोडी खाली, गळ्यापासून सगळीकडे सारखे अंतर ठेवून, माठाभोवती आडवी चिकटवून पाहा. ती चुण्यांशिवाय बसतच नाही. गळ्यापासूनचे तिचे अंतर कोठेही कमी-जास्त झालेले नाही, तरी तिला प्रत्येक बोटभर अंतरावर वळवावे लागले आहे.

जमीन वर सरकत नाही आणि तरी ती सतत ढकलते आहे, हे असेच काही असेल का? चूक असेल तर सांगावे.

लंबक

सुईदोरा ताई, चूक अजिबात नाही. इतक्या वर्षांत मला हे सुचले नाही याची खंत वाटते आहे.

शंकासुर, आपले उत्तर त्या तिसऱ्या पट्टीत आहे. मुक्तपणे पडणाऱ्या आंब्याचा मार्ग म्हणजे चुणी नसलेली पट्टी. पुण्यातील जमिनीचा मार्ग म्हणजे गळ्यापासून समान अंतर राखणारी पट्टी: केंद्रापासूनचे अंतर तेवढेच, तरीही प्रत्येक क्षणी सरळ मार्गावरून बाजूला केलेली. जमिनीखालच्या खडकाचा दाब त्या चुण्या पाडतो. पृथ्वी न फुगता तिचा पृष्ठभाग सर्व बाजूंनी बाहेर ढकलला जाऊ शकतो, कारण आतले अवकाशकाल सपाट नाही.

एकच सावधगिरी. माठावरच्या दोन्ही दिशा अवकाशाच्या आहेत. खऱ्या प्रकरणात पट्टीची लांबी ही मुख्यतः काळाची दिशा असते. धागाकर्त्यांच्या स्थिर आंब्याचे उत्तरही तेथेच आहे. देठापासून सुटलेला आंबा अवकाशात स्थिर असला तरी काळात पुढे जातच असतो. त्याची पट्टी क्षणभरही थांबलेली नसते. ताणलेल्या कापडावर काळाची दिशाच नव्हती, म्हणून तेथे स्थिर गोटी अडून बसली.

काळ वाकतो याचा अर्थ प्रत्यक्षात एवढाच की, उंचावरचे घड्याळ खालच्यापेक्षा किंचित वेगाने चालते. एक मीटर उंचीला हा फरक साधारण १० हजार लाख कोटी सेकंदांत एक सेकंद इतका, म्हणजे तीस कोटी वर्षांत एक सेकंद, एवढा सूक्ष्म आहे. तरी २०१० मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने केवळ ३३ सेंटिमीटर उंचीच्या फरकासाठी तो अणुघड्याळांनी मोजून दाखवला. फोनमधला नकाशा ज्या उपग्रहांवर चालतो ते सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. क्षीण गुरुत्वामुळे त्यांची घड्याळे दिवसाला ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात, वेगामुळे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात. उरलेल्या ३८ मायक्रोसेकंदांची दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात १० किलोमीटरहून अधिक चूक साचेल.

आता चेंडू वर फेका आणि एका सेकंदात झेला. तो सुमारे १.२ मीटर वर जाऊन येतो. का? मुक्त वस्तू अशा मार्गाने जाते की, सुटणे आणि झेलले जाणे या दोन घटनांच्या दरम्यान तिच्या स्वतःच्या घड्याळात जास्तीत जास्त वेळ नोंदला जावा. उंच गेल्यास घड्याळ वेगाने चालते, हा फायदा. पण उंच जाऊन वेळेत परतायला वेग लागतो आणि वेगाने घड्याळ मंदावते, हा तोटा. १.२ मीटर ही त्या व्यवहारातली तडजोड आहे. जोराने मारलेल्या बंदुकीच्या गोळीचा मार्ग डोळ्यांना जवळजवळ सरळ दिसतो आणि चेंडूचा गोलाईदार, पण एक सेकंद म्हणजे ३ लाख किलोमीटर असे धरून काळही त्याच कागदावर आखला, तर दोन्ही मार्गांचा बाक सारखाच निघतो. सुमारे एक प्रकाशवर्ष त्रिज्येच्या वर्तुळाचा! इतका मंद बाक, आणि त्याला आपण 'धपकन पडला' म्हणतो.

उधाण

मी मालवणचा. इतके सगळे वाचल्यावर एक प्रश्न उरतो: पडायला लागले की गुरुत्वाकर्षण नाहीसे होत असेल, तर ते खरे आहे याची खूण कोणती? ती खूण आमच्या दारात दिवसातून दोनदा येते.

सूर्याची पृथ्वीवरील ओढ चंद्राच्या ओढीच्या जवळजवळ १८० पट आहे. हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो, कारण भरती मुख्यतः चंद्राची असते. सूर्यामुळे येणारी भरती चंद्राच्या भरतीच्या निम्म्याहूनही कमी, सुमारे ४६ टक्के आहे. ओढीने भरती येत असती तर हे गणित पार उलटे व्हायला हवे होते. पृथ्वी चंद्राकडे आणि सूर्याकडे मुक्तपणे पडत असते, आणि वजनकाटा यांच्या फोनप्रमाणे सगळे एकत्र पडले की ओढ कळत नाही. उरतो तो केवळ फरक. चंद्राच्या बाजूचे पाणी थोडे अधिक ओढले जाते, पृथ्वीचा मध्य त्याहून कमी, पलीकडचे पाणी सर्वांत कमी. म्हणून दोन्ही बाजूंना पाणी चढते आणि म्हणूनच भरती दिवसातून दोनदा येते. हा फरक अंतराच्या घनाप्रमाणे घटतो, त्यामुळे लांबचा सूर्य मागे पडतो आणि जवळचा चंद्र जिंकतो. अमावास्या-पौर्णिमेला दोघांचा फरक एका रेषेत येतो ते उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघे काटकोनात येतात तो भांग. प्रत्यक्ष बंदरात पाणी किती आणि केव्हा चढेल हे किनाऱ्याच्या आकारावरही ठरते. खंभातच्या निमुळत्या आखातात ते कोकणापेक्षा कितीतरी अधिक चढते.

चार दगड चौकटीच्या कोनांवर नव्हे, तर वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असे धरून उंचावरून एकदम सोडले असे समजा. प्रत्येक दगड स्वतःपुरता वजनरहित आहे. पण खालचा दगड वरच्यापेक्षा थोडा जास्त वेगाने पडतो, म्हणून ते दोघे लांबतात. डावा आणि उजवा दोन्ही पृथ्वीच्या केंद्राकडे निघालेले असतात, म्हणून ते जवळ येतात. वर्तुळ लांबट होते. तुम्ही कसेही पडा, हा लांबटपणा घालवता येत नाही. सुईदोरा ताईंच्या दोन समांतर पट्ट्या जवळ येतात तोच हा प्रकार.

गोदाकाठ

उधाण यांचा प्रतिसाद वाचून लायगोची वाट मला अचानक दिसली, ती येथे मांडून पाहतो.

चंद्र जवळपास असल्याने त्याचा हा फरक सतत आपल्याबरोबर असतो. पण दूर कोठेतरी दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती घुमत एकत्र आली, तर हाच ताण-दाब लहरीच्या रूपाने प्रकाशाच्या वेगाने प्रवास करतो. ती लहर अंगावरून जाताना वस्तू एका दिशेने लांबते आणि तिच्या काटकोनात आखडते, पुढच्या क्षणी उलट. म्हणून लायगोचे दोन बाहू एकमेकांशी काटकोनात, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीचे, आणि मोजायचा तो दोन्ही लांबींमधला फरक. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील लायगोच्या दोन वेधशाळांत टिपलेली पहिली लहर सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवरून आली होती. सूर्याच्या ३६ आणि २९ पट वस्तुमानांची दोन कृष्णविवरे मिळून ६२ पटीचे एक झाले आणि उरलेले तीन सूर्यांएवढे वस्तुमान लहरींच्या ऊर्जेत गेले. इतके होऊनही ४ किलोमीटरच्या बाहूच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या चारशेव्या भागाइतका होता.

म्हणजे औंढ्याला जे बांधले जाणार आहे ते एका अर्थी, फार दुरून येणारी फार सूक्ष्म भरती मोजण्याचे यंत्र आहे. असे म्हणणे बरोबर होईल का?

लंबक

होईल, पण एक पुरवणी जोडा. समुद्राची भरती सावकाश बदलते आणि ती जवळच्या वस्तूची असते. ही लहर उगमापासून सुटून स्वतंत्रपणे प्रवास करते आणि अंतराच्या घनाप्रमाणे क्षीण न होता फक्त अंतराच्या प्रमाणात क्षीण होते. तसे नसते तर १३० कोटी प्रकाशवर्षांवरून काहीही पोचले नसते. लहरीचा वेग प्रकाशाइतकाच आहे याची खात्री १७ ऑगस्ट २०१७ च्या घटनेत झाली. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याची लहर आणि गॅमा किरणांचा झोत सुमारे १३ कोटी वर्षे प्रवास करून अवघ्या १.७ सेकंदांच्या अंतराने पोचले.

आणि मुलांना जवळचे काही सांगायचे असेल तर हेही सांगा की, गोंगाटात बुडालेला असा संदेश वेगळा काढण्याच्या गणिती पद्धतींवर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन केंद्रामध्ये संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फार आधीपासून काम केले आहे.

शंकासुर

माझा फुगण्याचा आक्षेप मी मागे घेतो. दुसरा मात्र ठेवतो. लिफ्टचा दोर निवडताना वजनकाटा 'अवकाशकालाची वक्रता' काढत नसतील. मग मुलांना 'गुरुत्वाकर्षण हे बल नाही' असे ठामपणे सांगावे का? उद्या परीक्षेत बल असे लिहिले नाही म्हणून गुण जायचे.

वजनकाटा

दोर निवडताना मी ९.८ घेतो आणि बल म्हणूनच घेतो. त्यात अप्रामाणिक काही नाही. जमिनीला स्थिर मानून हिशेब करायचा ठरवला की पडण्याला बल म्हणावेच लागते, आणि तो हिशेब चांगला चालतो. चंद्राचे १.३६ मिलिमीटरही त्यानेच आले. बुधाच्या कक्षेचा शतकाला ४३ विकलांचा (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) जो जास्तीचा सरकाव न्यूटनच्या हिशेबात बसत नव्हता, तो १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या सिद्धांताने अचूक दिला. तेथे मात्र जुना हिशेब पुरत नाही. मुलांना मी एवढेच सांगेन की बल हे हिशेबाचे नाव आहे, आणि फोन काय दाखवतो ते त्यांनी स्वतः पाहावे. परीक्षेत बल असेच लिहावे.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. पुढील कार्यक्रमाचा क्रम असा ठरवतो आहे: सुरुवात भास्कराचार्यांच्या 'क्व पतत्वियं खे' या प्रश्नाने, मग फळ्यावर चंद्राचे १.३६ मिलिमीटर, त्यानंतर गादीवर पडणारा फोन, मग माठ आणि तीन पट्ट्या, मग भरती, आणि शेवटी काटकोनातले दोन बाहू. वेळ चाळीस मिनिटांचा आहे, तेव्हा घड्याळांचा भाग मोठ्या मुलांपुरताच ठेवावा लागेल.

कापड आम्ही टाकून देणार नाही. ते आधी आडवे धरून नेहमीसारखे दाखवू, आणि मग मुलांपैकी दोघांना बोलावून उभे धरायला सांगू. त्या शिक्षिकांना मी हा धागा पाठवला आहे.

सुईदोरा

माठ नवा, कोरडा घ्यावा. पाणी भरलेल्या माठावर पट्टी चिकटत नाही.

लंबक

आणि फोन सोडताना तो हातातून सरळ सुटेल असे पाहा. सुटताना गिरकी घेतली तर त्वरणमापक फोनच्या मध्यावर नसल्याने आकडा शून्यावर येणार नाही, आणि शंकासुर यांच्यासारखा एखादा विद्यार्थी तेथेच पकडेल.